‘ह्या वेळी नक्की’ म्हणणारा मेंदू

मागच्या वर्षीची डायरी काढून बघा. माझ्या डायरीत पहिली पंधरा-सोळा पानं व्यायाम, वाचन, झोप असं सगळं निळ्या पेनाने टापटीप लिहिलंय आणि मग एकदम कोरी पानं, त्याच्या आदल्या वर्षीही सेम. तरी यंदाचं टारगेट ठरवताना मी त्या डायऱ्या उघडल्यासुद्धा नाहीत आणि खरी गोची तिथेच आहे.

ह्याला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात, डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दिलेलं नाव. म्हणजे काय, तर काम किती दिवसांत होईल हे ठरवताना आपण डोक्यातला प्लॅन बघतो, आपला जुना रेकॉर्ड बघतच नाही. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं जवळपास ३४. बरं, सगळंच बिघडलं तर? साधारण ४९. आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! म्हणजे आपण घाबरून केलेला अंदाजही जास्त आशावादीच असतो.

कानेमन स्वतःही ह्यात फसला होता, हे मला फार आवडतं. इस्रायलमध्ये शाळेसाठी निर्णयशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहायचं होतं, टीममधल्या प्रत्येकाने चिठ्ठीवर अंदाज लिहिला, सगळ्यांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास. मग त्याने टीममधल्याच एका अनुभवी माणसाला विचारलं की अशा बाकीच्या टीम्सचं काय झालं, तर तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, साधारण ४० टक्के टीम्सनी काम पूर्णच केलं नाही, ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. हाच माणूस पाच मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर दोनच वर्षं लिहून बसला होता! माहिती डोक्यात होती, पण अंदाज करताना तिला कोणी बोलावलंच नाही. पुस्तक पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली.

मग करायचं काय? आधी ‘मी हे किती दिवसांत करेन’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘असं काम मागच्या तीन वेळा किती दिवसांत झालं’ हे बघायचं, ह्याला बाहेरून बघणं म्हणतात. मग गॅरी क्लाइन ह्या मानसशास्त्रज्ञाची प्रीमॉर्टेम आयडिया: सहा महिने गेलेत आणि आपण आपटलोय असं धरून चालायचं आणि का आपटलो ते लिहून काढायचं. जी कारणं निघतील त्यांच्यासाठी आधीच ‘असं झालं तर असं करीन’ ठरवून ठेवायचं, पीटर गोलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनानुसार नुसत्या निश्चयापेक्षा हे जास्त कामाला येतं.

मी शेवटी त्या डायऱ्या उघडल्या आणि हिशोब केला. जे दिवस लिहिलेत त्यातही व्यायाम आठवड्यातून दोनदाच झालाय, तोही सकाळी कधीच नाही. यंदा डायरीत ‘रोज पहाटे पाच’ खोडून ‘आठवड्यात तीन संध्याकाळी, उशीर झाला तर दहा मिनिटं जिना’ असं लिहिलंय.