परत येणारा सूर : शाळेतल्या दूरस्थ संगीत-तासाची पार्श्वभूमी

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि संगीताचा तास पडद्यावर आला, तेव्हा शिक्षकांना फार लवकर एक गोष्ट कळून चुकली : व्हिडिओ कॉलवर मुलांकडून एकत्र गाऊन घेता येत नाही. आवाज इंटरनेटवरून जाऊन परत येईपर्यंत पाव सेकंद सहज निघून जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. त्यामुळे मुलाने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अगदी नेमका स्वर लावला, तरी शिक्षकाच्या कानी तो अर्धी मात्रा उशिरा पडतो. मग प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय पडत जाते. समोरासमोर बसल्यावरही आवाजाला 10 मीटर कापायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतातच, आणि एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना साधारण तेवढाच उशीर निभावून नेता येतो. शाळा ध्वनिमुद्रणाच्या साधनांकडे वळल्या त्या या साध्या अडचणीपायी. तंत्रज्ञानाची हौस हे कारण फारसे नव्हते.

गुरूसमोर न बसता गाणे शिकण्याची खटपट मात्र बरीच जुनी आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गात शिकवण्यासाठी स्वरलिपीची छापील पुस्तके तयार केली. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी आपल्या मराठी क्रमिक पुस्तकांतून घराण्यांत बंदिस्त असलेल्या शेकडो बंदिशी, म्हणजे रागांत बांधलेल्या गीतरचना, कोणालाही वाचता येतील अशा केल्या. दरम्यान 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले होते. कागदावर बंदिशीचा सांगाडा टिकला आणि तबकडीवर तिचा तीन मिनिटांचा गळा, पण दोन्हींतला प्रवाह एकाच दिशेचा होता. शिकणाऱ्याचा चुकलेला गंधार सुधारायला पलीकडे कोणीच नव्हते.

रेडिओनेही हे बदलले नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या डब्ल्यूएचए या केंद्रावरून 1931 पासून एडगर गॉर्डन हे प्राध्यापक खेड्यापाड्यांतल्या शाळांना गाणी शिकवत. मुले वर्गातल्या रेडिओभोवती जमून, हातात गाण्यांचे पुस्तक धरून म्हणत असत. स्टुडिओत बसलेल्या गॉर्डनना त्यातले काहीच ऐकू येत नसे. वसंत ऋतूत मुले मॅडिसन शहरात जमत, तेव्हा वर्षभर ज्यांना शिकवले त्या मुलांचा आवाज गॉर्डन यांच्या कानावर पडे. ब्रिटनमध्ये 1939 साली युद्धामुळे शहरांतली मुले गावोगाव हलवली गेली, तेव्हा बीबीसीने शाळांसाठी समूहगानाचा कार्यक्रम सुरू केला, आणि तो 2001 पर्यंत चालला. त्याचीही रचना अशीच एकमार्गी होती.

सूर परत येण्याची वाट कॅसेटने उघडली. 1963 मध्ये फिलिप्सने ती बाजारात आणली आणि पुढच्या वीस वर्षांत घरोघरी टेपरेकॉर्डर झाले. गुरुजींची तालीम टेपवर घेऊन घरी त्यावर रियाज करणे हे आपल्याकडच्या दोन पिढ्यांना नवे नाही. स्वतःचा आवाज टेपवर ऐकून पहिल्यांदा वाटलेली लाज अनेकांना आठवत असेल, आणि माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने तीच त्या यंत्राची खरी देणगी होती. एकावर एक आवाज चढवण्याची सोय मात्र स्टुडिओपुरतीच राहिली. 2000 साली ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आले, 2004 मध्ये ॲपलचे गॅरेजबँड आले, आणि ही सोय साध्या संगणकावर उतरली.

शाळांना लागणारी पुढची पायरी ब्राउझरने पुरवली, कारण शाळेच्या स्वस्त संगणकावर जड सॉफ्टवेअर चालत नाही आणि फाइल एका यंत्रावर अडकून राहते. स्टॉकहोममध्ये 2012 साली स्थापन झालेली साउंडट्रॅप आणि सिंगापूरची 2015 सालची बँडलॅब यांनी ध्वनिमुद्रणच ऑनलाइन नेले; साउंडट्रॅप 2017 मध्ये स्पॉटिफायने विकत घेतली. वेगवेगळ्या घरांतले आवाज जोडून समूहगान उभे राहते, हे त्याआधीच 2010 मध्ये एरिक व्हिटॅकर या अमेरिकी संगीतकाराने 12 देशांतल्या 185 गायकांचे व्हिडिओ एकत्र करून दाखवले होते.

टाळेबंदीत शिक्षकांनी घेतली ती हीच रीत. शिक्षक आधी तानपुरा आणि ठेक्यावर स्वतः गाऊन एक मार्गदर्शक ट्रॅक पाठवतो, त्याच्या सुरुवातीला मोकळे एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) ठेवतो आणि समेवर एक टाळी देतो. मूल इअरफोन लावून तो ऐकते, त्याच जागी टाळी देते आणि गाते. ध्वनिमुद्रणाच्या पडद्यावर आवाज रेघेच्या चढउतारांत दिसतो, त्यात टाळीचा उंच सुळका लगेच ओळखू येतो. तीस मुलांचे तीस सुळके एका रेषेत आणले की समूहगान जुळते. इअरफोन नसेल तर ठेकाही मुलाच्या आवाजात मिसळतो आणि तो ट्रॅक वाया जातो. थेट तासात वेगळाच घोटाळा होई : बैठकीची ॲप्स गोंगाट गाळताना एकसारखा चालणारा आवाज पंख्यासारखा धरतात, त्यामुळे तानपुराच नाहीसा होई. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केल्यावर तो पुन्हा ऐकू येऊ लागे.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत ब्राउझरमधला स्टुडिओ पोहोचला नाही. तिथे व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेजच ध्वनिमुद्रणाचे साधन झाला. आई किंवा बाबा कामावरून परतले की फोन मोकळा व्हायचा आणि रात्री नऊनंतर भूप रागाच्या सरगमी येऊ लागायच्या, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. शिक्षकाला एकेका मुलाचा स्वर सुटा ऐकू येऊ लागला. चाळीसजणांच्या वर्गात ओठ हलवून निभावून नेणारी मुले इथे लपू शकली नाहीत. उलट, मूल पाच वेळा चुकून सहाव्या वेळचे तेवढे पाठवते, आणि ती पाच वेळची चूक, जिच्यावरून शिक्षकाला नेमके कुठे अडते ते कळते, फोनवरच पुसली जाते.