सुकाण्याची वही: रे पार्किन यांच्या चार पुस्तकांमागचा इतिहास

१९९७ साली मेलबर्न विद्यापीठाच्या प्रकाशनाने ‘एच. एम. बार्क एंडेव्हर’ हे पुस्तक काढलं, तेव्हा त्याचे लेखक रे पार्किन यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७७० साली ज्या जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला, त्या जहाजाच्या डोलकाठ्या, शिडं, दोरखंड, फळ्या असं सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने रेखाटलं होतं. दोन वर्षांनी न्यू साउथ वेल्स राज्याच्या साहित्य पुरस्कारांत हे वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरलं. पार्किन इतिहासाचे प्राध्यापक नव्हते आणि चित्रकलेच्या शाळेतही गेलेले नव्हते. युद्धानंतरचं कामाचं आयुष्य त्यांनी मेलबर्नच्या धक्क्यावर काढलं. मुंबईच्या गोदीत ज्याला टॅली क्लार्क म्हणतात, चढता-उतरता माल मोजणारा कारकून, तेच त्यांचं काम.

या पुस्तकाचं मूळ शोधायचं तर १९४२ पर्यंत मागे जावं लागतं.

पार्किन १९१० साली मेलबर्नच्या कॉलिंगवूड या कामगारवस्तीत जन्मले आणि अठराव्या वर्षी नौदलात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ‘पर्थ’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवर मुख्य सुकाणी होते. २७ फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्रात दोस्त राष्ट्रांच्या आरमाराची धूळधाण झाली. त्यातून वाचलेल्या ‘पर्थ’ आणि अमेरिकन ‘ह्यूस्टन’ या दोन नौका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, बंदरातून निघाल्या. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदाच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडायचा बेत होता, पण तोंडाशीच जावावर सैन्य उतरवणाऱ्या जपानी ताफ्याशी त्यांची गाठ पडली. ‘पर्थ’वरचा दारूगोळा इतका संपला की शेवटी सरावाचे गोळेसुद्धा डागले गेले. १ मार्चला मध्यरात्र उलटल्यावर चार पाणतीर लागले आणि नौका बुडाली. कप्तान हेक्टर वॉलर तिच्यासोबतच गेले. जहाजावरच्या ६८१ जणांपैकी ३५३ त्या रात्रीत मेले. सुकाणू पार्किन यांच्या हातात होतं. (आज ते जहाजही तळाशी धड राहिलेलं नाही. शेकडो माणसांची कबर असलेल्या त्या सांगाड्याचं लोखंड भंगारासाठी चोरून कापून नेलं गेलं. हे वाचताना फार वाईट वाटतं.)

पार्किन तरंगत राहिले. पुढे एका जीवरक्षक होडीत दहा जण जमले. तिचं नाव त्यांनी ‘अँझॅक’ ठेवलं, शीड उभारलं आणि थेट ऑस्ट्रेलिया गाठायचं ठरवलं. जावाच्या दक्षिण किनाऱ्याने ते चिलाचाप बंदरापर्यंत पोचले, पण तोवर जावावर राज्य करणाऱ्या डचांनी शरणागती पत्करली होती आणि बंदर जपान्यांच्या ताब्यात गेलं होतं. ‘आउट ऑफ द स्मोक’ या पहिल्या पुस्तकात ही हकिगत आहे.

पार्किन कैद झाले. जावातल्याच बांडुंगच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांना दोन माणसं भेटली, आणि त्यांच्यावाचून ही पुस्तकं झाली नसती. एक, ऑस्ट्रेलियन शल्यविशारद एडवर्ड ‘वेअरी’ डनलॉप. दुसरे, दक्षिण आफ्रिकेचे लेखक लॉरेन्स व्हान डर पोस्ट. डनलॉप यांच्या तुकडीसोबत पार्किन १९४३ च्या सुरुवातीला थायलंडला नेले गेले. तिथे जपान्यांसाठी ब्रह्मदेशापर्यंतचा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधायचा होता. कोन्यू आणि हिंटोकच्या भागात पहारीवर घण मारून डोंगर फोडायचा, तोही मुसळधार पावसात, मूठभर भातावर, मलेरिया आणि पटकी अंगावर घेऊन. या मार्गावर साठ हजारांच्या वर युद्धकैदी राबले आणि बारा हजारांहून जास्त मेले. मलायाच्या रबरमळ्यांतून आणलेले तमिळ मजूर, ब्रह्मी, जावानीज यांच्या मृत्यूंचा आकडा याच्या कितीतरी पट आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही कुठे नोंदलेली नाहीत. भारतीय वाचकाने हे विसरू नये असं मला वाटतं.

पार्किन वही ठेवत होते. ‘इनटू द स्मदर’ हे दुसरं पुस्तक त्याच नोंदींतून उभं राहिलं, आणि माझ्या मते चारांत तेच श्रेष्ठ आहे. छळाची वर्णनं इतर कैद्यांनीही लिहिली आहेत. इथे मात्र घण मारून परतलेला माणूस फुलपाखराचा पंख, रानातलं फूल, बांबूचं पेर बघत बसतो आणि मिळेल त्या कागदावर उतरवतो. तोच हात ‘दोन मलेरिया आणि एक कॉलरा’ हे चित्रही काढतो: तापाने स्वतःच खचलेले दोघे तिसऱ्याला, पटकीने पार गळालेल्याला, आधार देत नेताहेत. बघणाऱ्याच्या नजरेत दोन्हीकडे तोच नेमकेपणा आहे. सुकाण्याला तो लागतोच, कारण होकायंत्राची रेघ अंदाजाने वाचून चालत नाही.

असे कागद झडतीत सापडणं जिवावर बेतलं असतं. १९४४ साली पार्किन यांना जपानला, ओहामा इथल्या समुद्रतळाखालच्या कोळसाखाणीत पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी चित्रं डनलॉप यांच्या हवाली केली. डनलॉप यांनी ती लपवून जपली आणि युद्ध संपल्यावर परत केली. खाणीचा काळ तिसऱ्या पुस्तकात, ‘द सोर्ड अँड द ब्लॉसम’मध्ये आला. व्हान डर पोस्ट यांच्या ओळखीने लंडनच्या होगार्थ प्रेसने १९६०, १९६३ आणि १९६८ साली ही तिन्ही काढली. म्हणजे पहिलं पुस्तक येईपर्यंत सुटकेला पंधरा वर्षं झाली होती, आणि लेखक रोज धक्क्यावर कामाला जात होता.

‘एंडेव्हर’चं काम त्यानंतरचं. कुकचं हे जहाज मुळात व्हिटबीला बांधलेलं, कोळसा वाहणारं, बुटक्या-रुंद बांध्याचं गलबत. पार्किन यांनी एप्रिल ते ऑगस्ट १७७० चा किनारप्रवास दिवसावार लावला. कुकची रोजनिशी, जहाजावरचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सची रोजनिशी, जहाजाच्या नोंदवह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. ११ जूनच्या रात्री जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं, तोफा आणि वजनदार सामान समुद्रात टाकावं लागलं, खलाशी पंपांना लागले. ही रात्र वाचताना जाणवतं, की जहाज पायाखालून जाणं म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे.