बॉस्टनमध्ये चहा महाग झाला नव्हता

१६ डिसेंबर १७७३ रोजी ब्रिटनच्या अमेरिकी वसाहतींतल्या बॉस्टन बंदरात चिडलेल्या वसाहतकऱ्यांनी चहाच्या सुमारे ३४० पेट्या पाण्यात फेकल्या. ब्रिटिशांनी चहावरचा कर वाढवला म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. एक पौंड वजनाच्या (सुमारे अर्धा किलो) चहामागे ३ पेन्सचा कर १७६७ सालच्या कायद्यातला. १७७३च्या चहा कायद्याने तो वाढवला नाही. उलट ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच) वसाहतींत थेट विक्रीची मुभा दिल्याने चहा स्वस्तच होणार होता. पण कर लावणाऱ्या ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. तो स्वस्त चहा घेणं म्हणजे पार्लमेंटचा हा अधिकार मुकाट मान्य करणं. संताप त्याचा होता. शिवाय कंपनीच्या मक्तेदारीने स्थानिक व्यापारी आणि चोरटा डच चहा आणणारे, दोघेही बुडाले असते. शिक्षा म्हणून १७७४ मध्ये पार्लमेंटने बॉस्टनचं बंदरच बंद केलं. एप्रिल १७७५ मध्ये बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळीबार झाला आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं.