पेशी तापवून औषधाचा माग

व्हेमुराफेनिब हे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरचं औषध. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. गाठी त्याने आक्रसतात, पण ते घेणाऱ्या अनेकांना ऊन सोसेनासं होतं. थोडा वेळ बाहेर काढला तरी कातडी भाजल्यासारखी लाल होते. औषध बेतलेलं आहे बीराफ नावाच्या एका प्रथिनासाठी. मग मध्येच हे उन्हाचं काय? याचा धागा सापडला तो पेशी तापवून आणि त्यांतली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून.

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक तऱ्हेने दुमडली तरच कामाची. आणि ही घडी टिकते ती अगदी जेमतेम. दुमडलेल्या आणि उलगडलेल्या अवस्थांमधला ऊर्जेचा फरक बऱ्याच प्रथिनांत मोलमागे ५ ते १५ किलोकॅलरी एवढाच असतो. कार्बन-कार्बनचा एक साधा बंध तोडायला सुमारे ८३ लागतात. त्यामुळे जरा तापवलं की घडी सुटते, आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि प्रथिन गोळा होऊन तळाशी बसतं. मात्र औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत नीट बसला असेल, तर घडीला जादा आधार मिळतो आणि ती उलगडायला आणखी उष्णता लागते.

शुद्ध प्रथिनांच्या बाबतीत हे आधीपासून माहीत होतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या पेर नॉर्डलुंड यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की अख्ख्या पेशीतही हा फरक मोजता येतो. पण मोजणी होती ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं वापरून, एका वेळी एकाच प्रथिनाची. म्हणजे संशय कोणावर घ्यायचा ते आधी ठरलेलं हवं. ज्याच्यावर कोणाचाच संशय नाही, ते प्रथिन अशाने निसटणारच.

ही अडचण मिखाइल साविट्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दूर केली. पेशींचे दहा वाटे करायचे आणि ३७ ते ६७ अंश सेल्सिअसमधल्या दहा वेगवेगळ्या तापमानांना प्रत्येक वाटा तीन मिनिटं तापवायचा. मग पेशी फोडून, वेगाने फिरवून गोळा झालेली प्रथिनं खाली बसवायची आणि वरचं द्रावण घ्यायचं. त्यातली प्रथिनं ट्रिप्सिन या कापणाऱ्या विकराने (एन्झाइमने) कापून लहान तुकडे करायचे. इथून पुढची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. प्रत्येक वाट्यातल्या तुकड्यांना एक रासायनिक खूण जोडतात. दहाही खुणांचं एकूण वस्तुमान सारखंच, फक्त कार्बन आणि नायट्रोजनची जड समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे जास्त वजनाचे अणू) प्रत्येकीत वेगळ्या जागी बसवलेली. त्यामुळे दहा वाटे एकत्र मिसळले तरी यंत्रात एकच तुकडा दिसतो. तो आत फोडला की खुणेचा छोटा भाग सुटतो आणि त्याच्या १२६ ते १३१ या वस्तुमानावरून तो कोणत्या तापमानाचा होता ते कळतं. एका फेरीत हजारो प्रथिनांचे वितळण्याचे आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला किती प्रथिन द्रावणात उरलं याचे आलेख, हातात येतात. मग औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे आलेख शेजारी ठेवून कोणाचा उजवीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे, सरकलाय, ते बघायचं.

व्हेमुराफेनिबच्या बाबतीत सरकलेल्यांत फेरोकिलेटेज निघालं. कर्करोगाशी याचा थेट संबंध नाही. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, तयार होताना शेवटच्या पायरीला प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसवणारं हे विकर. ते अडलं की प्रोटोपॉर्फिरिन साचतं, आणि त्यावर प्रकाश पडला की ऊतींना इजा होते. फेरोकिलेटेज जन्मतःच कमी पडणाऱ्यांना नेमका हाच त्रास होतो. उन्हाचा त्रास देणारं दुसरं कर्करोगाचं औषध, ॲलेक्टिनिब, तेही याच विकराला धरत होतं. संशोधकांनी दोन्ही औषधांच्या त्या त्रासाचं कारण हेच असावं, असं सुचवलं.

पद्धतीला मर्यादा आहेत. काही प्रथिनं औषध धरूनही वितळण्याचं तापमान बदलत नाहीत. त्यामुळे आलेख सरकला नाही म्हणजे बंध नाही, असं म्हणता येत नाही. उलट, पेशीतल्या फॉस्फेट जोडण्यासारख्या बदलांनीही आलेख हलू शकतो. शिवाय औषध नेमकं कुठे बसलं, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी झुरिकच्या ईटीएचमधल्या पाओला पिकोटी यांच्या गटाची पद्धत कामी येते. तिच्यात प्रथिनं दुमडलेली असतानाच त्यांच्यावर प्रोटीनेज के हे कापणारं विकर थोडा वेळ सोडतात. सैल भाग कापले जातात, औषधाने झाकलेले बरेचदा वाचतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दिसणाऱ्या तुकड्यांतला फरक त्या जागेकडे बोट दाखवतो.