दशावताराचा उजेड आणि कॅमेऱ्याच्या दोन पिढ्या

जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, विकायला काढला की घेणारा आधी मेगापिक्सेल विचारतो. तळकोकणात खरं तर विचारायला हवं, दशावताराला चालेल का?

दशावतार रात्री उभा राहतो तो पहाटेपर्यंत. देवळासमोर चार ट्यूबलाइट, एखादा हॅलोजन, आणि त्या उजेडात उड्या मारणारा संकासुर. फ्लॅश मारावा तर रंगवलेले चेहरे पांढरेफट्ट.

निकॉनचा डी१ आला १९९९ मध्ये, २.७ मेगापिक्सेलचा. किंमत अशी की गावच्या स्टुडिओवाल्याने नुसतं नाव ऐकावं. हौशी माणसाच्या आवाक्यात डीएसएलआर आणला तो २००३ च्या कॅनन ३००डी ने आणि २००४ च्या निकॉन डी७० ने. डी७० सहा मेगापिक्सेलचा. त्याचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १० बाय साडेसहा इंच छापता येतो, म्हणजे लग्नाच्या अल्बमला तेव्हाही काही कमी पडत नव्हतं. अडायचं रात्री. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात सेन्सरची ताकद वाढवणारा आकडा, १६०० वर संपायचा, आणि तिथवर नेला की काळ्या पडद्यावर रंगीत नॉइज, नुसते ठिपके.

२००८ च्या डी९० ने डीएसएलआरमध्ये पहिल्यांदा व्हिडिओ आणला, ७२०पी. पण शूटिंग चालू असताना फोकस हातानेच फिरवायचा. शिवाय सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे शिमग्यात नाचत्या पालखीमागे कॅमेरा भरकन फिरवला की देवळाचे खांबच तिरके!

पुढचं मोठं वळण २०१८ चं. निकॉन झेड६ आणि कॅनन ईओएस आर आले, आतला आरसा गेला. डी९० चा नेहमीचा आयएसओ ३२०० पर्यंत, झेड६ चा ५१२०० पर्यंत. तो टोकाला नेऊन कुणी फोटो काढत नाही, पण ६४०० वर दशावतार बिनधास्त टिपता येतो, आणि माझ्या मते नवा कॅमेरा घ्यायला एवढं एकच कारण पुरेसं आहे. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचं कौतुक फार होतं. त्याने आपला हात स्थिर होतो, संकासुर नाही.

जुन्याची बाजूही लंगडी नाही. कंपनीच्याच चाचणीत डी९० एका बॅटरीवर ८५० फोटो काढतो, झेड६ जेमतेम ३१०. रात्रभराच्या खेळाला हा फरक चांगलाच जाणवतो. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जोडणी, १९५९ पासूनचा. ५० एमएम १.८डी सारखी लेन्स डी९० वर आपणहून फोकस होते, कारण मोटर बॉडीत आहे. झेड६ ची जोडणी वेगळी; तिला एफटीझेड अडॅप्टर लावून ती बसते खरी, पण फोकस हाताने.

बुरशीला मात्र जुनं-नवं कळत नाही. मिरगापासून चार महिने बॅगेत पडून राहिलेली लेन्स दिवाळीला काढावी तर काचेवर जाळी धरलेली. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा दोघांनाही लागतो. सेकंडहँड घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, नंतर बघा, आधी लेन्समध्ये टॉर्च मारा.