एमजीबी घेताय? आधी क्रोम बंपर आणि रबर बंपर यांतला फरक समजून घ्या

"दादा, दोन एमजीबी बघून आलो. एक १९७३ची, एक १९७६ची. दोन्ही हिरव्या, दोन्ही उघड्या टपाच्या. ७६ची बरीच स्वस्त मिळतेय. देऊन टाकू का ॲडव्हान्स?"

सॅन होजेहून मावसभावाचा फोन होता. मी म्हटलं, "थांब जरा. त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत."

एमजीबी म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार. त्याचा गोंधळ होणं साहजिक आहे. नाव तेच, सांगाडा तोच, चार सिलिंडरचं १७९८ सीसी इंजिनही तेच. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनली. बंद टपाच्या जीटीसह पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यांतला मोठा वाटा अमेरिकेत आला. म्हणूनच कॅलिफोर्नियात आजही नोकरदार माणसाला परवडेल अशी जुनी स्पोर्ट्स कार शोधायला निघालं की पहिली गाठ एमजीबीशीच पडते.

फरक पडला तो १९७४च्या उत्तरार्धात. ताशी ५ मैलांच्या धक्क्यात गाडीचे दिवे वगैरे शाबूत राहायला हवेत आणि बंपर ठरावीक उंचीवर हवा, असे नियम अमेरिकेने केले. गाडी नव्याने आखण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. मग चकचकीत क्रोमच्या जागी काळे, जाडजूड बंपर आले आणि उंचीचा हिशेब जुळवायला अख्खी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली गेली. या बंपरला सगळे 'रबर' म्हणतात. प्रत्यक्षात आत पोलाद आहे आणि वर पॉलियुरेथेन.

ओळखताना एक जागा फसवी आहे. १९७४च्या सुरुवातीच्या गाड्यांना बंपर क्रोमचाच आहे, पण त्यावर दोन मोठे काळे ठोकळे बसवलेले दिसतात. फोटोत बघून लोक त्यांनाही रबर बंपर समजतात. त्या क्रोमवाल्याच, जुन्या उंचीच्या. उलट काही रबरवाल्यांना नंतर हौसेने क्रोम बसवलेलं असतं. तेव्हा बंपर पाहून ठरवू नका, गाडीवरच्या पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचं मॉडेल वर्ष पाहा.

आता रस्त्यावरचा फरक. आम्हा दोघांच्या डोक्यात रस्ता एकच होता, हायवे १. कार्मेलपासून सॅन सिमियनपर्यंतचा बिग सरचा पट्टा, एका हाताला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या हाताला पॅसिफिक. वाटेत १९३२चा बिक्सबी पूल लागतो, दरीपासून २६० फुटांहून उंच. इथे सरळ रस्ता फारसा नाहीच, वळणामागून वळण. क्रोमवाली गाडी या रस्त्यावर जमिनीला चिकटून जाते. स्टिअरिंग किंचित फिरवलं की नाक लगेच वळतं, बसल्या जागी रस्त्याचा पोत कळतो, कोपर दारावर आणि खाली समुद्राचा आवाज. मला क्रोमवालीच आवडते, ती या वळणांसाठी.

रबरवाली उंच झाली तशी वळणात जास्त झुकू लागली. त्यातच १९७५च्या गाड्यांतून पुढचा अँटी-रोल बार खर्च वाचवण्यासाठी काढून टाकला. हा बार म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. वळणात ती पिळली जाते आणि गाडीचं झुकणं आवरते. तो गेल्यावर गाडी पार सैलावली. शेवटी १९७७च्या मॉडेलपासून बार परत आला, मागेही एक बसला, आणि गाडी बरीच सावरली. म्हणजे 'रबर बंपर म्हणजे वाईट गाडी' हे सरसकट खरं नाही. खरी अडचणीची वर्षं १९७५ आणि ७६.

ताकदही घटली. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. जुन्या जोड-कार्ब्युरेटरच्या एमजीबीत सुमारे ९५ अश्वशक्ती होती. अमेरिकेत आलेल्या १९७५ आणि नंतरच्या गाड्यांना एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आणि धूर रोखण्याची सगळी सामग्री, त्यामुळे ताकद सत्तरच्याही खाली आली. बिग सरला ही उणीव फारशी जाणवत नाही, तिथे वेगच बेताचा असतो. सॅन होजेहून मॉन्टेरीला जाताना मोठ्या हायवेवर मात्र जाणवते. तिथे ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) असलेली गाडी मिळाली तर सोडू नका: ताशी ६० मैलांना इंजिनाचे फेरे सुमारे ३,३५० वरून २,७५० वर येतात आणि शेजारच्या माणसाशी बोलता येतं.

भाऊ सर्वात जास्त बुचकळ्यात पडला तो कागदांच्या बाबतीत. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला स्मॉग चेक, म्हणजे धुराची सक्तीची तपासणी, माफ आहे. १९७६पासूनच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दर दोन वर्षांनी तो करावा लागतो. ही रेषा बंपरच्या रेषेवर पडत नाही. १९७५ची रबरवाली माफीत बसते, १९७६ची दिसायला हुबेहूब तशीच असून बसत नाही. शिवाय तपासणीत नुसता धूर मोजत नाहीत, मूळ सामग्री जागेवर आहे का तेही पाहतात. ताकद वाढवायला कुणी जुने जोड-कार्ब्युरेटर लावून बाकीची सामग्री काढून टाकली असेल, तर ती गाडी तिथेच अडते. विक्रीच्या वेळी चालू प्रमाणपत्र देणं हे विकणाऱ्याचं काम आहे. ते हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.

एवढं ऐकून भाऊ म्हणाला, "म्हणजे ७३चीच घेऊ?"

नाही. आधी गंज बघ.

आम्ही दोघं रत्नागिरीचे. खारा वारा लोखंडाचं काय करतो हे आम्ही घरच्या खिडक्यांच्या गजांवर पाहिलंय: वरून रंग ताजा आणि नख लावलं की पापुद्रा हातात. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा कणा, आणि उघड्या टपाच्या गाडीत सगळा भार दारांखालच्या पोकळ पोलादी पट्ट्यांवर, म्हणजे सिल्सवर येतो. त्या आतून कुजतात. किनाऱ्यालगतच्या गावात, धुक्यात उभी राहिलेली गाडी वरून कितीही सुंदर असो, लोहचुंबक घेऊन जा. तो चिकटला नाही, तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पुढच्या चाकांच्या मागचा पत्रा, मागच्या चाकांच्या पुढचा कोपरा आणि सीटमागची बॅटरीची पेटी तपासा. क्रोमवाल्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, रबरवाल्यांत १२ व्होल्टची एक. मग गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि दार उघडून पाहा. दार अडकलं किंवा फट बदलली, तर सिल गेली.

अँटी-रोल बार बसवता येतो. स्प्रिंग बदलून गाडी खाली आणता येते. एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही मिळतो. १९८८पासून तर नवे आख्खे बॉडीशेल, म्हणजे पत्र्याचे पूर्ण सांगाडेही बनू लागले. पण कुजलेल्या सिल्स कापून नव्या वेल्ड करायच्या म्हणजे खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जातो. धड शरीराची १९७६ची गाडी कुजक्या १९७३पेक्षा कधीही चांगली, असं मला मनापासून वाटतं.

सहलीबद्दल थोडं. हायवे १ उत्तरेकडून दक्षिणेकडे करा, म्हणजे आपली लेन समुद्राच्या बाजूची राहते. जून ते ऑगस्टच्या सकाळी धुकं असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश मोकळं. निघण्याच्या दिवशी रस्ता उघडा आहे का ते पाहाच. २०१७ साली मड क्रीकला डोंगर रस्त्यावर आला तेव्हा तो भाग चौदा महिने बंद होता. आणि मागे पाच गाड्या साचल्या की टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद जागेत, बाजूला व्हायचं, तसा कायदाच आहे.

भाऊ पुढच्या शनिवारी जॅक घेऊन दोन्हीकडे गेला. ७३ची उचलल्यावर चालकाकडचं दार उघडेना. ७६चं उघडलं, मिटलं, फट तशीच. स्मॉगचं प्रमाणपत्र मागून घेतलं आणि मग पैसे दिले. पुढचा बार गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून बसवला. ऑक्टोबरात कार्मेलहून निघतोय, तो पुढे आणि मी मागे.