बेचाळिसाव्या वर्षीची निवृत्ती : पॅरिसच्या बॅले कलावंतांच्या पेन्शनच्या वादाची पार्श्वभूमी

पॅरिसच्या ऑपेरात, म्हणजे तिथल्या सरकारी संगीत-नृत्य रंगभूमीत, बॅले हे युरोपीय शास्त्रीय नृत्य करणाऱ्या कलावंताला वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते आणि तेव्हापासूनच पेन्शन सुरू होते, हे बेळगावात कुणाला सांगितले तर ऐकणाऱ्याला बहुधा हेवाच वाटतो. कर्नाटक सरकारच्या नोकरीत साठीपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या गावात ते साहजिकही आहे. मात्र हा आकडा कशातून आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यावरून एवढा संघर्ष का पेटला, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन म्हणणे अन्यायाचे ठरेल. टिळकवाडीपासून खानापूर-निपाणीपर्यंत ज्या घरांतल्या मुली आज सहाव्या-सातव्या वर्षीच नृत्यवर्गाला जाऊ लागल्या आहेत, त्या घरांनी तर ही हकिकत जरूर समजून घ्यावी.

या ऑपेराची नृत्यशाळा १७१३ पासूनची आहे आणि १९८७ पासून ती पॅरिसलगतच्या नान्तेर येथे भरते. मुले तिथे आठव्या वर्षापासून दाखल होऊ शकतात. सकाळी शालेय अभ्यास आणि दुपारनंतर नृत्य असा त्यांचा दिनक्रम असतो, आणि दरवर्षीच्या परीक्षेत जे मागे पडतात त्यांना शाळा सोडावी लागते. जे टिकतात, त्यांच्यापुढे सोळाव्या ते अठराव्या वर्षाच्या सुमारास मुख्य नृत्यपथकात प्रवेश मिळवण्याची स्पर्धा येते. पथकातल्या जागा दीडशेच्या आसपास, त्यातल्या रिकाम्या होणाऱ्या मोजक्याच. आत गेल्यावरही पाच पायऱ्यांची उतरंड असते आणि सर्वोच्च पायरी सोडली तर वर जाण्यासाठी परंपरेने पुन्हा परीक्षकांपुढे नाचावे लागत आले आहे. म्हणजे ४२ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या नर्तिकेने तोवर तीसहून अधिक वर्षे त्या शरीराकडून काम करून घेतलेले असते, आणि त्यातली पहिली आठ-दहा वर्षे नोकरीत धरलीच जात नाहीत.

ते काम कसले, हे तिच्या बुटात दिसते. वरून साटीन असलेल्या त्या बुटाच्या टोकाशी कापड आणि कागदाचे थर गोंदाने घट्ट बसवून एक कवच केलेले असते, तळाशी ताठ पट्टी असते, आणि त्या कवचाच्या रुपयाएवढ्या सपाट टोकावर सगळ्या देहाचा भार तोलायचा असतो. कसलेल्या नर्तिकेचा एक जोड एखाद्या प्रयोगातच मऊ पडून निकामी होऊ शकतो; पायाला मात्र बदली जोड नसतो. अंगठ्याचा सांधा, घोटा आणि सतत बाहेरच्या बाजूला वळवलेले खुब्याचे सांधे ही या कलेतली झिजण्याची ठरलेली ठिकाणे आहेत. नर्तकांवर उपचार करणारे डॉक्टर साधारण बाराव्या वर्षाआधी आणि काही वर्षांच्या पक्क्या तयारीशिवाय मुलीला असे बूट घालू देऊ नयेत असे सांगतात, कारण पायाची हाडे तेव्हा वाढत असतात. घाई तरीही होते, आणि ती मुलीपेक्षा मोठ्या माणसांनाच अधिक असते.

ही पेन्शन योजना फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या काळातली, १६९८ ची आहे. त्यानंतरच्या दीडशे वर्षांबद्दल इथे फार सांगण्याची गरज नाही; एकोणिसाव्या शतकातली एक घटना मात्र टाळता येत नाही. रंगमंचावर तेव्हा गॅसचे दिवे असत आणि नर्तिकांचे तलम झगे पेट घेत. म्हणून १८५९ मध्ये कापडावर अग्निरोधक द्रावणाची प्रक्रिया सक्तीची करण्यात आली. त्या द्रावणाने झगा ताठ आणि मळकट होई. एमा लिव्ह्री या तरुण नर्तिकेने जबाबदारी स्वतःवर घेत असल्याचे लेखी देऊन साध्याच झग्यात नाचण्याचा आग्रह धरला, आणि तो मानला गेला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत तिचा झगा पेटला आणि आठ महिने यातना सोसून वयाच्या विसाव्या वर्षी ती गेली. तिची संमती खरी होती, यात शंका नाही. पण लहानपणापासून एकाच गोष्टीसाठी घडवलेल्या मुलीची संमती कितपत मोकळी मानायची, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राला चिकटून आहे.

आता २०१९. फ्रान्स सरकारने चाळीसहून अधिक वेगवेगळ्या पेन्शन योजना मोडून सर्वांसाठी एकच योजना आणण्याचे ठरवले. त्यात रेल्वे कामगारांच्या योजनेबरोबर ऑपेराचीही योजना जाणार होती. ५ डिसेंबरला संप सुरू झाला, एकामागून एक प्रयोग रद्द झाले आणि लाखो युरोंचे उत्पन्न बुडाले. नाताळच्या तोंडावर सरकारने तोडगा पुढे केला: नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून भरती होणाऱ्यांनाच लागू होतील, आज पथकात असलेल्यांची पेन्शन अबाधित राहील. त्यावर नर्तकांचे उत्तर २४ डिसेंबरला आले. ऑपेराच्या जुन्या इमारतीसमोर, थंडीत, पांढऱ्या पोशाखातल्या नर्तिकांनी ‘स्वान लेक’ या प्रसिद्ध बॅलेमधला भाग नाचून दाखवला, आणि तोडगा फेटाळला.

त्या नकारावर बरीच टीका झाली. स्वतःचे काहीही जात नसताना संप कशासाठी, असा एक आक्षेप होता. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, मूठभरांना परवडणाऱ्या कलेसाठी सामान्य करदात्याने का भरावे, हा दुसरा. तिसरा अधिक विचार करण्याजोगा होता: चाळिशीतला माणूस शिकवू शकतो, दुसरा व्यवसाय धरू शकतो, तेव्हा त्याला पेन्शनऐवजी प्रशिक्षण द्यावे. या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि पुष्कळ नर्तक निवृत्तीनंतर शिकवतातही. पण विद्यापीठात जाण्याच्या वयात जे रोज तालमीत होते, त्यांना नव्या व्यवसायात बस्तान बसेपर्यंत कशाचा तरी आधार लागतोच.

टीकाकारांनी २०२२ या वर्षाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही. त्या वर्षी सोळाव्या ते अठराव्या वर्षी पथकात येणारी मुले २०१९ मध्ये तेरा ते पंधरा वर्षांची होती. त्यांच्यातली कित्येक तेव्हा नान्तेरच्या शाळेतच होती, चार-पाच वार्षिक परीक्षा पार करून आलेली. कागदावर ती ‘भविष्यातली भरती’ असली, तरी त्यांचे पाय आधीच कामाला लागलेले होते. या मुलांना संघटना नव्हती, मत नव्हते, आणि ज्या आश्वासनावर त्यांच्या आईवडिलांनी त्यांना तिथे घातले ते मधेच बदलले जाणार होते. नर्तकांनी तो तोडगा नाकारला, तो नेमका या मुलांसाठी. माझ्या मते त्यांचा निर्णय योग्यच होता.

पुढे महामारीत ती सुधारणा बारगळली. २०२३ मध्ये वेगळा कायदा आला आणि अनेक विशेष योजना नव्या कर्मचाऱ्यांसाठी बंद झाल्या. ऑपेराची मात्र टिकली.

अर्थात ४२ चा हा नियम सगळी किंमत भरून देत नाही. वार्षिक परीक्षेत तेराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलीला त्यातले काहीच मिळत नाही, आणि बाहेर पडणाऱ्यांचीच संख्या मोठी असते. पेन्शन असो वा नसो, बालपणी सोसलेले वेगळेच. व्हिएन्नातल्या एका नामांकित बॅले शाळेतील गैरप्रकारांबद्दल २०१९ मध्ये चौकशी समितीने अहवाल दिला, तेव्हा वजन कमी राहावे म्हणून मुलांना सिगारेट ओढण्याचा सल्ला दिला गेल्याची बाबही पुढे आली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून नर्तकांना दुसऱ्या व्यवसायासाठी मदत करणारा निधी आहे, तोही व्यावसायिक म्हणून नाचलेल्यांसाठीच.

आपल्या भागाला हे सारे परके नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीनंतर संगीत नाटकाची जी लाट आली, तिच्यात गोड गळ्याची पोरे घर सोडून कंपनीत जात, आणि आवाज फुटला की पुढचे पाहणारे कुणी नसे. १९०५ मध्ये त्याच किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी पुढे स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीचे कर्ज फेडण्यात वर्षे घालवली आणि उतारवयात त्यांचे पाय निकामी झाले. एवढ्या मोठ्या नटाची ही गत, तर इतरांची नोंदही उरली नाही.

आज कर्नाटकात कलावंतांना मासाशन आहे आणि महाराष्ट्रात मानधन. सीमाभागातल्या मराठी कलावंताला यातले कोणते लागू, हा रहिवासाचा गुंता आहेच, पण त्याच्याही आधीचा मुद्दा असा की दोन्हीकडे पाहिली जाते ती उतरलेली वये आणि घरची हलाखी. पन्नाशी उलटेपर्यंत थांबणे चित्रकाराला किंवा कवीला जमू शकते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघे गेलेल्या भरतनाट्यमच्या शिक्षिकेला आणि पंचेचाळिशीत फड सोडलेल्या तमाशातल्या नर्तिकेला या योजनांत मधल्या वर्षांसाठी सहसा काही नाही. नर्तनाच्या कामाला वेगळी वयोमर्यादा लावण्याची मागणी दोन्ही सरकारांकडे करता येईल, आणि तशी लावता येते याचा दाखला पॅरिसच्या सव्वातीनशे वर्षांच्या पेन्शन योजनेत आहे.